पाठीवरचं बिऱ्हाड

छापखान्यातल्या ऑपरेटरला पायथन म्हणजे काय हे माहीत असायचं काही कारण नाही. त्याच्यापुढचं काम साधं असतं: पंधरा-वीस वर्षांपूर्वी श्रीलिपीत बसवलेलं पुस्तक नव्या आवृत्तीसाठी युनिकोडमध्ये आणायचं. त्या काळच्या फॉन्टांत देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट बदलला की पानभर रोमन कचरा दिसतो. नुसती अक्षराला अक्षर अशी अदलाबदल करूनही भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी जुन्या मजकुरात व्यंजनाच्या आधी येते, युनिकोडला ती नंतर हवी असते. रफाराचं नेमकं उलट.

हे सगळं करणारा प्रोग्रॅम माझ्या मुलीने पायथनमध्ये लिहिला. तिच्या लॅपटॉपवर तो उत्तम चालतो. छापखान्यात तो कोणत्या रूपात द्यायचा, यावरून ती आणि तिचा मामा, म्हणजे माझा थोरला भाऊ, यांची एका रविवारी चांगलीच जुंपली. दादाने नव्वदच्या दशकात क्लिपर आणि फॉक्सप्रोमध्ये पतसंस्थांचे हिशेब लिहून संसार केला. मी मुद्रितशोधक. म्हणजे ऑपरेटरच्या बाजूची, हे आधीच सांगून ठेवते.

मामा: यात वाद कसला? ईएक्सई करून दे. डबल क्लिक केलं की काम सुरू.

भाची: करून देईन. पण त्याने प्रश्न मिटतो असं तुम्हाला वाटतंय, तो मिटत नाही. तो फक्त ऑपरेटरच्या टेबलावरून माझ्या टेबलावर येतो.

मामा: तिथेच असायला हवा ना! आमच्या वेळी डीबेस घ्यायचा तर प्रत्येक मशीनवर डीबेस हवा. पतसंस्थेचा मॅनेजर विचारायचा, हिशेब तुम्ही लिहिणार, मग हे आणखी एक पॅकेज कशाला विकत घेऊ? मग नँटकेट कंपनीचं क्लिपर आलं, १९८५ मध्ये. तोच डीबेसच्या धर्तीचा कोड कंपाइल करायचा, लिंक करायचा, फ्लॉपीवर एक ईएक्सई. मी ती घेऊन एसटीने जायचो.

भाची: पण त्या ईएक्सईत तरी काय होतं? क्लिपर तुमच्या कोडचा पी-कोड करायचं आणि तो चालवणारं इंजिन सोबत जोडून द्यायचं.

मामा: हो तर. म्हणून तर एका ओळीच्या प्रोग्रॅमची ईएक्सईसुद्धा शंभर केबीच्या वर जायची. आम्ही फ्लॉपीवरची जागा मोजत बसायचो. पण गिऱ्हाइकाला त्याच्याशी काय करायचंय?

भाची: पायथनची ईएक्सई करून देणारं पायइन्स्टॉलर अगदी हेच करतं, फक्त आकडा एमबीत जातो. लोकांना वाटतं, पायथनचा कोड कंपाइल होऊन मशीनच्या भाषेत गेला. तसं काहीच होत नाही. पायथनचा इंटरप्रिटर म्हणजे विंडोजवर एक डीएलएल, माझ्या कोडचा बाइटकोड, लागणाऱ्या सगळ्या लायब्ऱ्या, आणि सगळ्यात पुढे सीमध्ये लिहिलेला छोटा बूटलोडर. डबल क्लिक केलं की बूटलोडर जागा होतो, इंटरप्रिटरला उठवतो आणि माझा बाइटकोड त्याच्या हातात देतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं.

मामा: मग असू दे की पाठीवर. ओझं विंचवाला, आपल्याला नाही.

भाची: ओझ्याचं सोडा. बिऱ्हाडात काय काय भरायचं हे कोण ठरवतं? पायइन्स्टॉलर माझा कोड वाचून कोणती लायब्ररी कोणत्या लायब्ररीला बोलावते याची यादी करतं. पण एखाद्या लायब्ररीने आपला भाग ऐनवेळी, नाव जोडून मागवला, तर तो यादीत येतच नाही. माझ्या मशीनवर चालतं, कारण तिथे सगळंच आहे. तिकडे गेल्यावर कळतं की एक नग मागे राहिला. नेहमीच्या लायब्ऱ्यांसाठी पायइन्स्टॉलरवाल्यांनी हूक लिहून ठेवलेत, तरी राहून जातं. आणि कोड नसलेल्या फायली तर सांगितल्याशिवाय येतच नाहीत. माझं अक्षरांचं कोष्टक जेसन फाईलमध्ये आहे. ते हाताने सांगावं लागतं.

मामा: एकदा सांग, झालं. आम्हीही इंडेक्स फायली विसरायचो.

दादाचं हे एक असतं. कोणतीही अडचण सांगा, ती त्याने १९९१ मध्ये सोडवलेली असते. पण पुढचा मुद्दा त्याच्या काळात नव्हता, आणि तो ऐकताना तो पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकला.

भाची: तुम्हाला एकच फाईल हवी आहे ना? एका फाईलच्या प्रकारात काय होतं सांगते. दर वेळी प्रोग्रॅम उघडला की बूटलोडर सगळं सामान विंडोजच्या टेंप फोल्डरमध्ये काढून ठेवतो. अंडरस्कोर एमईआय आणि पुढे काही आकडे, अशा नावाचा फोल्डर तयार होतो. प्रोग्रॅम बंद झाला की तो फोल्डर पुसला जातो.

मामा: दर वेळी? म्हणून एवढ्याशा गोष्टी उघडायला इतका वेळ लागतो होय!

भाची: वेळ तर जातोच. त्याहून वाईट पुढे आहे. समजा ऑपरेटरला दुरुस्त्या साठवायच्या आहेत. अमुक फॉन्टमध्ये हे चिन्ह म्हणजे ‘द्ध’, तमुकमध्ये ‘द्य’. प्रोग्रॅमने त्या आपल्याच फोल्डरात लिहिल्या, तर दिवसभर सगळं ठीक दिसतं. संध्याकाळी खिडकी बंद केली की दुरुस्त्या फोल्डरासकट गेल्या. दुसऱ्या दिवशी सगळं कोरं. चूक दाखवणारा संदेशसुद्धा येत नाही, कारण प्रोग्रॅमच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नसतं.

मामा: मग डेटा बाहेर लिही. प्रोग्रॅम वेगळा, डेटा वेगळा. हे तर आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

भाची: मीही तेच करणार. पण यासाठी कोड लिहितानाच माहीत हवं की हा पुढे बांधला जाणार आहे. शेवटच्या दिवशी एक कमांड मारली आणि ईएक्सई झाली, असं नसतं. एकाच वेळी अनेक कोअर वापरणारा प्रोग्रॅम असेल, तर सुरुवातीला एक खास ओळ लागते. ती राहिली तर बांधलेला प्रोग्रॅम स्वतःच्याच प्रती उघडत सुटतो आणि मशीन गुदमरतं. साध्या पायथनमध्ये हे कधी दिसतही नाही.

मी विचारलं, मग एक फाईल नको तर दुसरं काय? तिने सांगितलं की पायइन्स्टॉलरचा मूळ प्रकार फोल्डरचाच आहे; एक फाईल हा मागून घ्यायचा पर्याय. सहाव्या आवृत्तीपासून तर फोल्डरात वर फक्त ईएक्सई दिसते, बाकी सगळं आतल्या एका फोल्डरात जातं. टेंपमध्ये सामान काढणं नाही, उघडायलाही वेळ लागत नाही. दादाने लगेच मान हलवली.

मामा: चालणार नाही. ऑपरेटर आतली ईएक्सई उचलून डेस्कटॉपवर टाकणार आणि म्हणणार, चालत नाही. नाहीतर झिप न सोडवताच आतून क्लिक करणार.

इथे मी दादाच्या बाजूने. आमच्या छापखान्यात हे दोन्ही होतं.

भाची: म्हणून इन्स्टॉलर. इनो सेटअपमध्ये तो फोल्डर गुंडाळायचा. तो प्रोग्रॅम फाइल्समध्ये नीट मांडतो, डेस्कटॉपवर फक्त शॉर्टकट ठेवतो. काढायचा तर नीट निघतो. तुमची एक फाईल तुम्हाला मिळते, सेटअपची. पण मामा, खरी अडचण याच्याही आधी आहे. गेल्या महिन्यात मी एक चाचणी ईएक्सई तिथे पाठवली होती. त्यांनी पेनड्राइव्ह लावला, फाईल कॉपी केली, आणि काही सेकंदांत फाईल गायब. त्यांच्या अँटीव्हायरसने उचलली.

मामा: व्हायरस होता?

भाची: माझ्या कोडमध्ये? नाही. पण त्या बिचाऱ्या अँटीव्हायरसच्या जागी बसून बघा. एक अनोळखी फाईल येते, टेंपमध्ये सामान उपसते आणि त्यातून काहीतरी चालवते. घातक प्रोग्रॅमही असंच वागतात. शिवाय पायथनमध्ये चोरटा प्रोग्रॅम लिहिणारे लोकही पायइन्स्टॉलरच वापरतात. फुकट आहे, सोपं आहे. त्यांचा बूटलोडर आणि माझा बूटलोडर तोच, बाइट न् बाइट. त्यांची ओळख पटवताना माझीही पटते. वर काही जण फाईल लहान व्हावी म्हणून यूपीएक्सने दाबतात, त्याने संशय आणखी वाढतो.

मामा: मग उपाय?

भाची: बूटलोडर स्वतः कंपाइल करून घ्यायचा, म्हणजे त्याचा ठसा निराळा होतो. फोल्डरचा प्रकार वापरायचा. अँटीव्हायरसवाल्यांना फाईल पाठवून चूक दाखवून द्यायची. आणि खरं म्हणजे सही करायची. डिजिटल सही नसली की विंडोजचा स्मार्टस्क्रीन निळी पाटी लावतो, तुमचा पीसी वाचवला म्हणून. ‘अधिक माहिती’वर टिचकी मारल्याशिवाय पुढे जायचं बटणच दिसत नाही.

मामा: मग करून टाक सही.

भाची: सर्टिफिकेट दर काही काळाने विकत घ्यावं लागतं. त्यात जून २०२३ पासून नियम असा की सहीची गुप्त किल्ली हार्डवेअरमध्येच हवी; टोकनमध्ये किंवा तसल्याच सुरक्षित जागी. मॅकवर तर ॲपलला वर्षाला ९९ डॉलर भरायचे आणि प्रत्येक बांधणी त्यांच्याकडून तपासून घ्यायची. एका छापखान्यासाठी फुकट लिहिलेल्या प्रोग्रॅमसाठी!

मामा: माझ्या फ्लॉपीवर कुणी सही मागितली नव्हती. व्हायरस तेव्हाही फ्लॉपीवरूनच यायचे.

भाची: कारण फ्लॉपीबरोबर तुम्ही स्वतः जायचात.

दादा यावर गप्प बसला. मला वाटतं त्याला ते आवडलं. चहा झाला, आणि मग आक्रमणाची पाळी बदलली.

मामा: बरं, तुझं म्हणणं काय? ईएक्सई नको तर ऑपरेटरने पायथन घालायचं?

भाची: हल्ली ते पूर्वीइतकं अवघड नाही. यूव्ही नावाचं साधन आहे. प्रोग्रॅमच्या फाईलमध्येच वरती टिप्पणीत लिहायचं, मला पायथनची अमुक आवृत्ती आणि तमुक लायब्ऱ्या लागतात. ते साधन सगळं आणून लावतं. माझी फाईल राहते काही केबींची. नवी आवृत्ती दिली की ती एवढीशी फाईल बदलायची.

मामा: आणि काळ्या खिडकीत कमांड कोण टाइप करणार? मी एकदा नव्या विंडोजवर कमांड खिडकीत पायथन असं टाइप केलं, तर मायक्रोसॉफ्टचं दुकानच उघडलं!

भाची: ते २०१९ पासून तसंच आहे. पायथन नसेल तर स्टोअरची पाटी.

मामा: बघ! ज्याला जोडाक्षर नीट दिसलं तरच पुढे जाता येतं, त्याच्यासमोर तू दुकान उघडतेस. त्यापेक्षा वेबसाइट कर.

भाची: केली असती. पण आईला विचारा.

मी सांगितलं की अप्रकाशित हस्तलिखित कुणाच्याही सर्व्हरवर चढवायला आमच्याकडे परवानगी नाही, आणि बरोबरच आहे. मुलीने मग पायोडाइडचा विषय काढला: पायथन ब्राउझरच्या आत, वेबअसेम्ब्लीत चालवायचा, मजकूर मशीनबाहेर जातच नाही. मला ते पटलं होतं. पण शेकडो प्रकरणांच्या फायली फोल्डरांत पसरलेल्या, त्या एकेक करून पानावर ओढायच्या, हे ऐकूनच ऑपरेटरने नकार दिला असता. तो पर्याय तिथेच बाजूला राहिला.

मामा: मग माझंच खरं. शेवटी ईएक्सई.

भाची: खरं, पण अर्धंच. तुम्ही क्लिपरचं इंजिन जोडून दिलंत आणि विसरलात. डॉसचं मशीन जाळ्यावर नव्हतं, म्हणून चाललं. आता पायथन जोडून देणं म्हणजे त्या छापखान्यापुरती मी पायथनची वितरक झाले. त्यात दोष निघाला तर दुरुस्त करून पाठवायचं काम माझं. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचं भगदाड उघड झालं. लिनक्सच्या वितरकांनी एक पॅकेज बदललं आणि त्यावर उभे असलेले सगळे प्रोग्रॅम एका दमात सुधारले. ज्यांनी ओपनएसएसएलची प्रत आपल्या गठ्ठ्यात घातली होती, त्यांना गठ्ठा पुन्हा बांधून प्रत्येकाकडे पोचवावा लागला. डेबियनसारखे लिनक्सचे वितरक गठ्ठ्यांना विरोध करतात तो हट्ट म्हणून नाही.

मामा: तुझा फॉन्ट बदलणारा प्रोग्रॅम इंटरनेटला जातोच कुठे?

भाची: माझा नाही जात. तेवढं मान्य. पण बाहेरून आलेल्या वर्डच्या फायली उघडतो. आतून ती झिप आणि एक्सएमएल असते, आणि ती वाचणारा कोडही माझ्याच गठ्ठ्यात असतो.

मामा: कॅलिबर वापरतेस ना तू? ई-पुस्तकांचं. त्यात पायथन आहे असं तूच सांगितलं होतंस. मला कधी पायथन घालावं लागलं नाही.

दादाने हे उदाहरण काढलं तेव्हा मुलगी हसली. तिचाच हुकमाचा एक्का होता तो, फक्त ती तो दुसऱ्या बाजूने टाकणार होती.

भाची: कॅलिबरचं उदाहरण चांगलं काढलंत. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रॅमरने २००६ मध्ये सोनीचा ई-रीडर लिनक्सवर चालावा म्हणून ते सुरू केलं. आज विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीकडे स्वतःचा पायथन आणि स्वतःच्या लायब्ऱ्या घेऊन ते जातं. लिनक्सवरसुद्धा ते सांगतात, वितरकाचं पॅकेज घेऊ नका, आमचं घ्या. म्हणजे थेट डेबियनच्या उलट.

मामा: आणि चालतंय.

भाची: चालतंय, कारण मागे एक माणूस वर्षानुवर्षं सगळं अवलंबित सामान मुळापासून कंपाइल करून बांधतोय. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिबरची पाचवी आवृत्ती पायथन ३ वर गेली. तुम्हाला कळलं का?

मामा: नाही.

भाची: ज्यांनी बाहेरचे प्लगइन लावले होते त्यांना कळलं, कारण प्लगइन लिहिणाऱ्यांनाही कोड बदलावा लागला. बाकी कुणालाच नाही. तुम्हाला कळू नये हेच त्यांचं काम होतं. माझ्याकडून अशी सेवा तुम्ही किती वर्षं धरताय?

हा प्रश्न दादाला नव्हता, मलाच होता, असं मला वाटलं. छापखान्याचं काम मी आणलं होतं. सोपं देऊन टाक, असं मीच म्हणाले होते. सोपेपणाची किंमत कुणीतरी भरतं एवढं मला कळतं. पण ती बांधणाऱ्याने भरावी की वापरणाऱ्याने, यात मी अजूनही वापरणाऱ्याच्याच बाजूची आहे. ऑपरेटरला रोज ऐंशी पानं बघायची असतात.

दादाने मग जुना हट्ट पुढे केला: कोड लपला पाहिजे.

मामा: क्लिपरचा एक फायदा, गिऱ्हाइकाला पीआरजी, म्हणजे मूळ कोडची फाईल, दिसायची नाही. व्याजाचं गणित माझं मलाच.

भाची: इथे लपत नाही. बाइटकोड काढून पुन्हा कोडसारखं करणारी साधनं सगळीकडे आहेत. पायइन्स्टॉलरमध्ये बाइटकोडला कुलूप लावायची सोय होती, पण किल्लीही त्याच ईएक्सईत. सहाव्या आवृत्तीत ती सोयच काढून टाकली. ड्रॉपबॉक्सने तर पायथनचे ऑपकोडच आपल्या मनासारखे बदलले होते, तरी २०१३ मध्ये संशोधकांनी तो उघडून दाखवला. न्यूइट्का वापरलं तर कोडचा सी होऊन कंपाइल होतो, ते वाचणं अवघड जातं. पण माझं कोष्टक लपवून मला काय मिळणार? उलट दुसऱ्या छापखान्याने त्यात भर घातली तर मला हवीच आहे.

मामा: क्लिपरचेही डिकंपाइलर निघाले होते म्हणा.

हा मुद्दा तिथेच संपला. मग दोघं एकाच बाजूला बसून यादी करायला लागले. दुरुस्त्या डॉक्युमेंट्समध्ये, प्रोग्रॅमच्या फोल्डरात नाही. फाईल उघडताना प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-८ स्पष्ट लिहायचं, कारण मुलीच्या मॅकवर ते आपोआप होतं आणि विंडोजवरचा पायथन आपल्या जुन्या पश्चिमी कोडपेजात देवनागरी कोंबायला जाऊन कोसळतो. इंटरप्रिटर सोबत नेला तरी मशीनच्या सवयी सोबत जात नाहीत. काळी खिडकी लपवायची, पण मग चूक झाल्याचं कुणालाच दिसणार नाही, म्हणून लॉग फाईल हवी. दादाने आग्रह धरला की माहितीच्या खिडकीत आवृत्ती आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात असावा. नंबर कुणाचा, यावर पुन्हा दहा मिनिटं गेली.

मामा: मॅकवर बसून विंडोजची ईएक्सई बांधता येते का पण?

भाची: नाही. ज्या प्रणालीवर चालवायचं, तिथेच बांधायचं. क्लाउडवर विंडोज मशीन भाड्याने मिळतं, त्यावर करेन.

मामा: त्यांच्याकडे विंडोज कोणतं आहे?

कुणीच विचारलं नव्हतं. मी ऑपरेटरला फोन लावला. श्रीलिपीचं मशीन विंडोज ७ चं निघालं, ३२ बिटांचं, कारण श्रीलिपीच्या परवान्याचं जुनं डाँगल त्यावरच चालतं.

भाची: संपलं. पायथन ३.९ पासून विंडोज ७ वर चालतच नाही. ३.८ घ्यावा लागेल, ३२ बिटांचा, आणि त्याचा आधार २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये संपला. वर विंडोज ७ वर सीचा नवा रनटाइम घातलेला नसेल तर एपीआय-एमएस-विन-सीआरटी अशा नावाची डीएलएल सापडत नाही म्हणून संदेश येईल.

मामा: व्हिज्युअल बेसिकमध्ये एमएसव्हीबीव्हीएम६० सापडत नाही यायचं, तेच हे. विंडोजचं अपडेट आहे का बघायचं त्या मशीनवर. नाहीतर ते मशीन तसंच ठेवा, फायली पेनड्राइव्हने दुसऱ्या मशीनवर न्या आणि तिथे बदला. तिथे नवं विंडोज आहे का?

मी पुन्हा फोन लावला. हिशेबाच्या मशीनवर विंडोज १० होतं, पण ते मालकांचं, आणि त्यावर काही घालायला मालकांची परवानगी लागते.

मामा: मग दोन्ही बांध. माझ्याकडे सातचं एक मशीन अजून चालू आहे. ३.८ त्यावर बांधू. फक्त त्याला नेट लावायचं नाही. लायब्ऱ्यांच्या व्हील फायली पेनड्राइव्हवर घेऊन ये.

भाची: ३२ बिटांच्याच आणायच्या ना?

मामा: ३२ च्याच. आणि यूपीएक्स नको.